आरगॉनचं माहेर

हदगावात कपाशीला टाकायला आणलेल्या पोटॅशच्या 50 किलोच्या पोत्यात निव्वळ पोटॅशियम भरतं साधारण 25 किलो. त्यातलं जेमतेम तीन ग्रॅम किरणोत्सारी असतं. भिण्याचं कारण नाही. आपल्या अंगातही ते आहेच. पण विहीर खणताना मुरमाखाली जो काळा पाषाण लागतो, त्याचं वय सांगणारं पोटॅशियमही हेच.

पोटॅशियमचे नैसर्गिक समस्थानिक तीन. प्रोटॉन तिघांत 19च, म्हणून कपाशीच्या मुळाला तिन्ही सारखेच. न्यूट्रॉन मात्र 20, 21 आणि 22. त्यातला 21 न्यूट्रॉनवाला, म्हणजे पोटॅशियम-40, तेवढा अस्थिर. 125 कोटी वर्षांत तो निम्मा उरतो. फुटलेल्या शंभरातले अकराएक अणू आरगॉन होतात, बाकीचे कॅल्शियम.

1913 मध्ये सॉडीने समस्थानिकांची कल्पना मांडली, हे पाठ्यपुस्तकात आहेच. मला भुरळ पडली ती त्याआधीच्या एका कोड्याची. रॅले आणि रॅम्से यांना 1894 मध्ये हवेत आरगॉन सापडला. आवर्तसारणीत त्याची जागा पोटॅशियमच्या आधी, पण अणुभार 39.95, पोटॅशियमचा 39.10. आधीचा जड आणि नंतरचा हलका, हे कसं? कारण हवेतला 99.6 टक्के आरगॉन हा आरगॉन-40 आहे, आणि तो जवळपास सगळा पोटॅशियमच्या पोटचा. वाइत्सझेकरने 1937 मध्ये हा तर्क केला. 1948 मध्ये ऑल्ड्रिच आणि नीर यांनी पोटॅशियमच्या खनिजांत तो आरगॉन दाखवून दिला.

लाव्हा पातळ असतो तोवर आरगॉन निसटतो. थिजला की आत कोंडतो. साठलेला मोजला की दगडाचं वय निघतं. दख्खनचं आलं सुमारे साडेसहा कोटी वर्षं, डायनासोर संपले त्याच सुमाराचं.

भांडण पुढेच आहे: डायनासोर संपवले ते या लाव्हाने, की त्याच सुमारास आदळलेल्या उल्केने? 2019 मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन चमूंनी सह्याद्रीतल्या थरांची वयं दिली. आरगॉनवाले म्हणाले, उल्का आदळल्यानंतर तीन चतुर्थांश लाव्हा आला. झिरकॉन या खनिजाच्या स्फटिकांमधलं युरेनियम-शिसं मोजणारे म्हणाले, चार लोंढे आले आणि त्यातला एक मोठा लोंढा उल्केच्या थोडा आधीचा. झिरकॉनची अचूकता मोठी, हे कबूल. पण ते स्फटिक बहुतेक थरांमधल्या राखेतले, आणि उद्रेकाआधीच भूगर्भात तयार झालेले असू शकतात. आरगॉन खुद्द लाव्हाचं वय सांगतो. दगड झिजला, कुजला तर तोही गळतो, तरी माझा कौल आरगॉनलाच.

मात्र हा सगळा वाद सह्याद्रीतल्या दगडांवर चाललाय. दख्खनच्या पूर्व कडेला, किनवट-देगलूरकडे ग्रॅनाइट सुरू होण्याआधी जे काळे थर आहेत, त्यांचाही या हिशेबात तितकाच बारकाईने विचार व्हायला हवा.