बेन, बिन आणि औलाद

जुन्या मोडी कागदांत माणसाची ओळख 'अमुक बिन तमुक' अशी पटवलेली असते. हा 'बिन' मूळचा अरबी; हिब्रूतला 'बेन' त्याचाच भाऊबंद. दोघांचा अर्थ मुलगा. आपल्या कागदांत मात्र 'बिन'पुढे जन्मदात्याचेच नाव यायचे, आणि तीच सवय घेऊन बायबलमधल्या वंशावळ्या वाचायला बसले की जागोजागी पिढ्या गळाल्यासारख्या वाटतात.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या येशूच्या वंशावळीत योरामानंतर एकदम उज्जीया येतो. बायबलमधल्या 'पहिला इतिहास' या पुस्तकाचा तिसरा अध्याय उघडला तर त्या दोघांच्या मध्ये अहज्या, योवाश आणि अमस्या असे तीन राजे सापडतात. याजक एज्रा स्वतःची वंशावळ अहरोनापर्यंत नेतो, तीही पहिल्या इतिहासातल्या यादीपेक्षा सहा नावांनी आखूड आहे.

पण 'बेन' म्हणजे नातू, पणतू, वंशज, नुसता त्या कुळातला माणूससुद्धा. याचा पुरावा कोकणातच आहे. इस्राएल हे याकोबाचे दुसरे नाव. म्हणून काही रायगडातल्या बेने इस्राएल यहुद्यांना कोणी याकोबाचे पोटचे मुलगे समजत नाही.

कोणी म्हणेल, नामाचे ठीक, पण क्रियापदाचे काय? 'जन्म दिला' यात कसली आली लवचीकता? हिब्रूत हे क्रियापद 'यालद'. अरबीत शब्दारंभी जिथे 'व' असतो तिथे हिब्रूत पुष्कळदा 'य' येतो, त्यामुळे 'यालद' म्हणजे आपल्या 'वलद' आणि 'औलाद' यांच्याच धातूचे रूप. वंशावळीसाठी असलेला 'तोलेदोत' हा शब्दही त्यातलाच. आता बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाचा सेहेचाळिसावा अध्याय पाहा. जिल्पेने याकोबापासून ज्या सोळा जणांना जन्म दिला त्यांची तिथे यादी आहे. मोजायला लागले तर तिचे मुलगे दोनच, गाद आणि आशेर. बाकीची नातवंडे, आणि दोघे तर पणतू! सगळ्यांना मिळून क्रियापद मात्र 'यालद' हेच.

ही सैल बोली एकट्या हिब्रूची नव्हे. अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर याचा काळा स्तंभ 1846 मध्ये निमरूदला सापडला, आता तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावर इस्राएलचा राजा येहू याला अम्रीचा 'मार', म्हणजे मुलगा, म्हटले आहे. याच येहूने अम्रीचे घराणे कापून काढले होते. अश्शूरी लेखनिकाला त्याच्याशी काय कर्तव्य? अम्रीच्या गादीवर बसला तो अम्रीचा.

मत्तयाने नावे गाळली ती मात्र बोलीच्या सैलपणामुळे नव्हे. त्याला हिशेब जुळवायचा होता. अब्राहामापासून दावीदापर्यंत चौदा, तिथून बाबेलच्या बंदिवासापर्यंत चौदा, पुढे ख्रिस्तापर्यंत चौदा, असे तो स्वतःच सांगतो. हिब्रूत अक्षरे आकड्यांसारखीही वापरतात. दावीद या नावातल्या दालेथ, वाव, दालेथ यांचे 4, 6 आणि 4 मिळून 14 होतात. हेच त्याच्या मनात होते असे पुष्कळ अभ्यासक मानतात, मलाही ते पटते. राजांची नावे वाचकांना राजांच्या पुस्तकातून ठाऊकच होती, तेव्हा लपवाछपवीचा प्रश्न नव्हता. गंमत म्हणजे एवढे करूनही शेवटच्या गटात एखादे नाव दोनदा मोजल्याशिवाय चौदा भरत नाहीत.

खरी अडचण उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात आहे. तिथे नुसती नावे नाहीत, पुढच्या पिढीचा जन्म झाला तेव्हा बापाचे वय किती होते तेही दिले आहे. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी असे आकडे धरून हिशेब मांडला आणि 1650 मध्ये छापलेल्या ग्रंथात जगाची उत्पत्ती इ.स.पूर्व 4004 मध्ये बसवली. बायबलचे अभ्यासक विल्यम हेन्री ग्रीन यांनी 1890 मध्ये त्यावर बोट ठेवले: 'जन्म दिला' याचा अर्थ 'ज्याच्यापासून पुढे अमुक झाला त्या वंशजाला जन्म दिला' असाही होतो, आणि या आकड्यांची बेरीज बायबलने स्वतः कुठेच केलेली नाही. बेरजेचा मुद्दा बिनतोड आहे. पण मध्ये पिढ्या गळल्याच असतील तर एकशेतीस, एकशेपाच, नव्वद अशी नेमकी वये कशासाठी लिहिली, याचे उत्तर एकट्या 'यालद'मधून निघत नाही. तिथे शब्द ताणला जातोय असे मला वाटते.