मृत्युपत्र आणि गोव्याचा कायदा

‘माझी कमाई, मी वाटेल त्याला देईन,’ असं म्हातारपणी आपण सहज म्हणतो. गोव्यात तसं म्हणता येत नाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता तिथे १८७० पासून लागू झाली आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही टिकली. वेगळा करार केलेला नसेल, तर लग्नानंतर निम्मी मालमत्ता बायकोची. आपल्या वाट्यातलाही अर्धाच भाग आज मृत्युपत्रानं मनासारखा देता येतो. बाकीचा मुलांचा, मुलींसकट. मग मुंबईत फ्लॅट घेऊन सुटका होईल? नाही. गोवेकराच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही हाच नियम, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं. तरी बापाच्या पश्चात बहिणींकडून हक्क सोडल्याची सही घेतली जाते, हे आपण पाहतोच.