इंजिनाच्या घोटातली वाफ

एकच इंजिन, एकच इंधन. तरी पावसाळी हवेत चाचणी घेतली की धुरातले नायट्रोजन ऑक्साइड्स कमी भरतात आणि कोरड्या थंडीत वाढतात. हवेतली वाफ ज्वालेची उष्णता शोषते, तापमान उतरतं आणि नायट्रोजनचं जळणं मंदावतं. १९७०च्या दशकात धुरावर कायद्याचा चाप बसला, तेव्हा अमेरिकी नियमांनी म्हणूनच एक माप धरलं: किलोभर कोरड्या हवेमागे १०.७१ ग्रॅम पाणी. हवा त्याहून वेगळी असेल तर आकडा सूत्राने दुरुस्त करायचा. त्यापेक्षा मापाची हवाच इंजिनाला पाजणं केव्हाही खात्रीचं.

हवा मापात आणण्याची विद्या आली छापखान्यातून. ब्रुकलिनच्या सॅकेट-विल्हेल्म्स छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि एकावर एक छापलेले रंग सरकायचे. १९०२ साली विलिस कॅरियरने थंड नळ्यांवरून हवा खेळवून त्यावर उपाय काढला. आजही चाचणीकक्षात हवा दवबिंदूखाली गार करून पाणी काढतात, ती पुन्हा तापवतात आणि उणी पडेल तेवढी वाफ सोडतात.

खरी अडचण या वाफेपाशी. ती हवेत लगेच मिसळत नाही. डक्टच्या एका बाजूने तिचा पट्टा वाहत राहतो. सेन्सर त्या पट्ट्यात सापडला तर आर्द्रता जास्त दाखवतो, बाहेर राहिला तर कमी.

यंत्र बांधण्याआधीच हा पट्टा दिसावा, ही सोय ज्यांच्यामुळे झाली त्यांत पुण्याचे सुहास पाटणकर आहेत, आणि हे पुण्यात याहून जास्त लोकांना ठाऊक असायला हवं. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून आणि मुंबईच्या आयआयटीतून ते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात गेले. प्रवाहाची समीकरणं नाविए आणि स्टोक्स यांनी एकोणिसाव्या शतकातच लिहिली होती, पण दाब कुठून काढायचा हा पेच होता. दाबाचं वेगळं समीकरणच नाही. पाटणकर आणि ब्रायन स्पाल्डिंग यांनी १९७२ साली ‘सिंपल’ पद्धत मांडली. जागेचे छोटे कप्पे पाडायचे, दाब अंदाजाने धरायचा, त्यावरून वेग काढायचे. मग प्रत्येक कप्प्यात शिरलेली आणि निघालेली हवा जुळते का ते पाहायचं; जुळत नसेल तर दाब सुधारून पुन्हा पहिल्यापासून. शेकडो फेऱ्यांचं हे काम संगणक न कंटाळता करतो. पाटणकरांचं १९८०चं पुस्तक या विषयाचं पाठ्यपुस्तकच ठरलं.

त्यामुळे आता वाफेच्या नळीला भोकं कुठे पाडायची, मिसळण्यासाठी आडवी पट्टी हवी का, सेन्सर वळणापासून किती लांब बसवायचा, हे पत्रा कापण्याआधी पडद्यावर तपासता येतं. गार नळ्यांवर जमलेले थेंब वेगवान हवेबरोबर पुढे उडतील का, हेही त्यातच कळतं.