दुसरी उसळी

अलिबागच्या दक्षिणेला एका किनाऱ्यावर गेल्या हिवाळ्यात मी एका बुटक्या चारचाकीजवळ उभा होतो. जाड टायर, मोटारसायकलसारखं हँडल, घोड्यावर बसावं तसं बसायचं. पर्यटकांना वाळूत दोन फेऱ्या मारायला देतात ती 'एटीव्ही'. फेरी मारायची हौस मला नव्हती. मी फक्त तिचं नाक दोन्ही हातांनी दाबून सोडलं. ते वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर, पुन्हा खाली. मी चार उसळ्या मोजल्या. गाडीवाला तरुण माझ्याकडे संशयाने पाहत होता.

"शॉकअप गेलेत रे हिचे," मी म्हणालो.

"माहीत आहे काका. पण वाळूत काय फरक पडतो? टायरात हवा कमी ठेवतो मी. सीझन संपला की बाईकचे जुने शॉकअप टाकणार आहे, चांगले कडक."

हवा कमी ठेवायची, आणि पुढे मोटारसायकलचे शॉकअप उचलायचे. या वाहनाचा सुरुवातीचा इतिहास जवळजवळ याच क्रमाने घडलेला आहे. फक्त तो अलिबागला घडला नाही. जपान, अमेरिका आणि युरोपातल्या मोटारसायकल शर्यतींची मैदानं अशा तीन ठिकाणी तो घडला, आणि त्याची किंमत काही ठिकाणी फार जबर मोजावी लागली.

आधी नावाचा घोळ मिटवतो. 'शॉक अॅब्सॉर्बर' म्हणजे धक्का शोषणारा. प्रत्यक्षात धक्का घेते ती स्प्रिंग. खड्ड्यात आदळलेलं चाक वर येतं, स्प्रिंग दबते आणि ती ताकद आपल्यात साठवते. अडचण पुढे आहे, कारण साठवलेलं ती ठेवून घेत नाही, परत फेकते. ती परतफेड आवरायची, दुसरी उसळी येऊ द्यायची नाही, हे शेजारच्या तेलाच्या नळकांड्याचं काम. इंग्रज त्याला 'डॅम्पर' म्हणतात आणि ते नाव जास्त प्रामाणिक आहे.

टांग्याला पाटे असत, शॉकअप नसे. तरी तो होडीसारखा डोलत राहत नसे. एकावर एक बसवलेले पोलादी पाटे दबताना एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणात उसळी मुरते. घोड्याच्या वेगाला तेवढं पुरत होतं. मोटारीच्या वेगाला पुरेना, तेव्हा विसाव्या शतकाच्या आरंभी त्रुफो या फ्रेंच माणसाने घर्षण मुद्दाम वाढवणारं यंत्र केलं आणि हार्टफोर्ड या अमेरिकनाने ते धंद्यात आणलं. कात्रीसारख्या दोन दांड्या, मध्ये दाबून बसवलेल्या चकत्या, आणि कमी-जास्त आवळायला एक नट. पण कोरडं घर्षण लहान खड्ड्यालाही अडवतं तेवढंच आणि मोठ्यालाही तेवढंच. बारीक खडीवर गाडी दगडासारखी चाले आणि मोठ्या खड्ड्यात उसळे.

तेलाचं तसं नाही. बारीक भोकातून तेल हळू ढकललं तर ते वाट देतं, जोरात ढकललं तर अडतं. हूदाय या दुसऱ्या फ्रेंच माणसाने यावर आधारलेलं गोल, फिरत्या पात्यांचं यंत्र केलं, आणि १९२७च्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या मॉडेल ए या सामान्यांच्या गाडीला ते कारखान्यातूनच बसवून मिळू लागलं. लांबट नळकांड्याच्या बाबतीत मला एक योगायोग फार आवडतो. मन्रो ही शॉकअपची प्रसिद्ध अमेरिकन कंपनी १९१६ साली सुरू झाली ती टायरमध्ये हवा भरायचे पंप बनवायला. पंप आणि शॉकअप ही सख्खी भावंडंच म्हणायची. दोघांत दांडा, दट्ट्या आणि नळी. एकात हवा पुढे जाते, दुसऱ्यात तेल मागे-पुढे अडखळतं.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपला पाटे आणि अशीच नळकांडी होती. तीच जीप १९४७पासून मुंबईत महिंद्रांकडे जोडली जाऊ लागली आणि तिचे वंशज पुढे आमच्याकडे वडापला लागले. माझी या विषयाची शाळा म्हणजे ती वडापची जीप. आत दहा, मागे लटकलेले चार, टपावर बोचकी. पाटे बसले की मालक गॅरेजवाल्याकडून एक पाटा वाढवून घ्यायचा. शॉकअप मात्र गळके तसेच. कडक म्हणजे मजबूत, हे मीही तेव्हा पक्कं धरून चाललो होतो. ते चूक आहे, हे समजायला मला पुढची वीस वर्षं लागली. स्प्रिंग जितकी कडक तितकी तिची परत फेकण्याची ताकद मोठी, आणि तिला आवरणारं नळकांडंही तितकंच जोरकस लागतं. पाटा वाढवून शॉकअप तसाच ठेवणं म्हणजे दुसऱ्या उसळीला आमंत्रण.

आता एटीव्हीकडे येतो. १९६०च्या दशकाच्या शेवटी होंडाच्या अमेरिकेतल्या विक्रेत्यांची एक तक्रार होती: हिवाळ्यात मोटारसायकल कोणी घेत नाही, बर्फावर विकता येईल असं काहीतरी द्या. जपानमध्ये ओसामु ताकेउची या अभियंत्याच्या गटाने दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंतच्या रचना करून पाहिल्या. बर्फ, चिखल, वाळू या तिन्हींत तीन चाकांची रचना सगळ्यांत बरी चालली. चाकं मात्र रुतत होती. तेव्हा अमेरिकेतून 'अँफिकॅट' नावाचं पाण्यातही चालणारं सहाचाकी वाहन त्यांच्याकडे आलं. त्याचे टायर फुग्यासारखे, जवळजवळ हवाच नसलेले. ताकेउचींनी ती कल्पना उचलली आणि २२ इंच उंचीचे, दोन-अडीच पौंड हवेवर चालणारे टायर करून घेतले. आपल्या स्कूटरच्या टायरला याच्या दहापट हवा लागते.

१९७० साली 'यूएस ९०' या नावाने ही तीनचाकी विक्रीला आली. इंजिन ८९ सीसी, किंमत ५९५ डॉलर. पुढे तिला 'एटीसी ९०' म्हणू लागले. १९७१च्या 'डायमंड्स आर फॉरएव्हर'मध्ये जेम्स बाँडही तिच्यावर बसलेला दिसतो. तिला स्प्रिंग नव्हती आणि शॉकअपही नव्हता. चाकं थेट सांगाड्याला. जो काही मऊपणा होता तो टायरातल्या हवेचा.

याला मूर्खपणा म्हणायची घाई अनेक जण करतात, आणि तिथे माझं त्यांच्याशी पटत नाही. सावकाश चालणाऱ्या, बर्फावर आणि वाळूवर जाणाऱ्या हलक्या गाडीला ते उत्तर चोख होतं. मोडायला काही नाही, तेल गळायला काही नाही, किंमत कमी. पहिली अडचण आली ती शेतात. कापणी झालेल्या रानातल्या धसकटांनी ते पातळ टायर फाटू लागले आणि होंडाला त्यांच्यात कापडी अस्तर घालावं लागलं. ज्वारीच्या रानातून अनवाणी चाललेल्या कोणालाही त्या टायरांची कणव यावी! पण धसकटांची गोष्ट महत्त्वाची आहे ती वेगळ्या कारणाने. बर्फासाठी केलेली गाडी शेतात पोचली, तिथून टेकडीवर आणि शर्यतीत. जागा बदलली, वेग वाढला. हवेचा टायर ही नुसतीच स्प्रिंग आहे, तिला आवरणारं फारसं काही नाही. दहा-पंधराच्या वेगाने ती गादी वाटते. चाळीसच्या वेगाने खळग्यांच्या ओळीवरून गेलं की चेंडू होते. एका खळग्याची उसळी मुरायच्या आत दुसरा खळगा येतो आणि चाकं जमीन सोडतात. सुकाणू आणि ब्रेक दोन्ही जमिनीवर टेकलेल्या चाकालाच असतात.

याच दशकात मोटोक्रॉसवाले वेगळ्याच संकटाशी झुंजत होते. त्यांच्याकडे शॉकअप होते, पण शर्यतीच्या मध्यावर ते काम करेनासे होत. कारण उष्णता. उसळी मुरते म्हणजे नाहीशी होत नाही, ती तेलात उष्णता होऊन राहते. मी एकदा कागदावर हिशेब मांडला. माणसासकट ३०० किलोची गाडी ३० सेंटिमीटरवरून पडली तर जवळपास ९०० जूल ऊर्जा होते. चार शॉकअपमध्ये वाटली आणि प्रत्येकात २०० मिली तेल धरलं, तर तेल एक अंशानेही तापत नाही. पण खडबडीत वाटेवर असे खड्डे मैलाला शेकड्यांनी. तापलेलं तेल पातळ होतं, आणि नळकांड्यात तेलाच्या डोक्यावर जी हवा असते ती घुसळून त्याचा फेस होतो. फेस भोकातून सहज निसटतो. अडवणारं काही उरत नाही.

उत्तर दोघांकडून आलं. द कार्बाँ या फ्रेंच अभियंत्याने एकाच नळीत तेल आणि दाबाखालचा वायू ठेवून मध्ये एक तरंगता दट्ट्या घातला. तेलाला हवेचा स्पर्शच नाही, म्हणून फेस नाही. शिवाय दुहेरी भिंत नसल्याने उष्णता सरळ बाहेर. हे १९५०च्या दशकातलं. दुसरा बेल्जियन अभियंता ल्युसियाँ तिल्केन्स. त्याने मागच्या चाकाचे दोन आखूड शॉकअप काढून सीटखाली एकच लांब, द कार्बाँ पद्धतीचा शॉकअप आडवा घातला. यामाहाने ती रचना विकत घेतली आणि १९७३ साली होकान अँडरसन तिच्या जोरावर २५० सीसीचा विश्वविजेता झाला. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात बॉब फॉक्स मोटोक्रॉससाठी हवेच्या स्प्रिंगचा शॉकअप करायला लागला; १९७६ साली स्वीडनमध्ये केन्ट ओलिन्सने आपली कंपनी काढली. आज एटीव्हीच्या शॉकअपवर जी महागडी नावं दिसतात, त्यांतली ही दोन. दोघांची सुरुवात दुचाकीची.

ही विद्या तीनचाकीत उतरली ती १९८१च्या होंडा 'एटीसी २५० आर'मध्ये. पुढे आणि मागे खरंखुरं सस्पेन्शन, आणि त्याच्या जोडीला दोन-स्ट्रोकचं शर्यतीच्या जातीचं इंजिन. माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यांत कळीचं वळण ते इथे आहे. शॉकअपची पुस्तकं हे वळण 'सुधारणा' म्हणून नोंदवतात आणि पुढे जातात. चाकं जमिनीला धरून राहू लागली हे खरं. पण त्यामुळे जो सुरक्षिततेचा फायदा झाला असता तो वेगाने लगेच खाऊन टाकला. आधी अंग खिळखिळं होऊन माणूस आपोआप गॅस सोडत असे. आता अंग तक्रार करेना. तीन चाकं, उंच बैठक आणि मागे अखंड आस ही मूळ मांडणी तशीच राहिली, आणि वळणावर ती कलंडतच होती. त्यातून या गाड्यांवर बसणाऱ्यांत शाळकरी मुलं बरीच होती.

अपघात इतके वाढले की अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाला मध्ये पडावं लागलं. १९८८ साली होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलारिस या पाचांनी न्यायालयापुढे करार केला: नव्या तीनचाकी विकायच्या नाहीत, घेणाऱ्याला प्रशिक्षण द्यायचं, आणि ९० सीसीपेक्षा मोठी गाडी सोळा वर्षांखालच्यासाठी म्हणून विकायची नाही. चारचाकी तोवर आलेलीच होती. १९८५च्या सुझुकी 'एलटी २५० आर'ने शर्यतीची चारचाकी रुळवली होती. तीनचाकी संपली, चारचाकी उरली आणि शॉकअप बदलण्याचा स्वतंत्र धंदा तिच्याभोवती उभा राहिला.

त्या धंद्यात आजही सगळ्यांत जास्त गैरसमज 'कडक'बद्दलच आहे. शॉकअपवरचं कडं आवळलं की स्प्रिंग कडक झाली असं लोक मानतात. स्प्रिंग तीच राहते, गाडी फक्त उंच होते. खरी पहिली मोजणी वेगळी: स्वार बसल्यावर शॉकअपच्या एकूण चालीपैकी किती चाल दबते? साधारण एक-तृतीयांश दबली पाहिजे. त्याहून फार जास्त दबली तर स्प्रिंग त्या माणसाला मऊ, फार कमी दबली तर कडक. कारखाना स्प्रिंग घालतो ती एका कल्पित सरासरी वजनाच्या माणसासाठी. पंचेचाळीस किलोची मुलगी आणि शंभर किलोचा गडी दोघंही त्या हिशेबात बसत नाहीत. वजनाप्रमाणे स्प्रिंग बदलायची आणि परतीची उसळी तिच्याशी जुळवायची, यात निम्मं काम होतं. बाजूला लावलेली तेलाची जादा डबी मग येते, ती उष्णतेसाठी. दोन फेऱ्या मारणाऱ्या पर्यटकाला तिचा उपयोग शून्य.

हे सगळं मी त्या तरुणाला सांगितलं नाही. गिऱ्हाईक उभं होतं. पण बाईकचे शॉकअप का टाकू नकोस एवढं मात्र वाळूत उकिडवं बसून दाखवलं. एटीव्हीच्या पुढच्या बाजूला शॉकअप चाकाजवळ नसतो, आत आडव्या दांड्याच्या मध्यावर तिरका बसतो. चाक चार बोटं हललं तर शॉकअप दोनच बोटं हलतो, आणि त्याच्यावरचा भार मात्र दुप्पट येतो. बाईकची स्प्रिंग तिथे मऊ पडेल. मापाने लांब निघाला तर चाक गरजेपेक्षा खाली लोंबेल आणि सांध्यावरचे बॉल जॉइंट ओढले जातील. आणि मूळ रोग तर तसाच राहील, कारण त्याच्या शॉकअपच्या दांड्यावर वाळूने ओरखडे पडले होते, सील कापलं गेलं होतं आणि तेल केव्हाच निघून गेलं होतं. जुन्या बाईकच्या शॉकअपात तरी तेल कुठलं?

"मग नवीनच घ्यायचे?" तो म्हणाला.

"उघडता येतात का बघ. सील नि तेल बदलून मिळालं तर तेच घाल. दांडा मात्र गुळगुळीत हवा."

शिमग्यानंतर पुन्हा जाणं झालं. त्याने दुसऱ्या एका बंद पडलेल्या एटीव्हीचे पुढचे दोन्ही शॉकअप काढले होते आणि पनवेलला नेऊन सील-तेल करून आणले होते. दांड्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून वाळूपासून आडोसाही केला होता. हे मी सांगितलेलं नव्हतं, त्याचं त्याला सुचलं. मी नाक दाबून सोडलं. वर आलं, जरासं खाली बसलं आणि थांबलं. मग मागे जाऊन मागची बाजू दाबली. एक, दोन, तीन.

"मागचे पुढच्या सीझनला, काका," तो म्हणाला.