‘शेष’ संघाचा १९४३ चा हंगाम

मुंबईच्या चौरंगी सामन्यांत क्रिकेटचे संघ धर्मावरून बांधले जात. १९३७ त त्यांत ‘शेष’ हा पांचवा संघ आला. चारहि संघांत न बसणारे ख्रिस्ती आदि खेळाडू त्यांत खेळूं लागले. संस्कृतांत शेष म्हणजे उरलेला. पण पृथ्वीचा भार वाहणारा नागहि शेषच. १९४३ च्या अंतिम सामन्यांत, ब्रेबर्न मैदानावर, दुसरा अर्थ आम्हांस अधिक पटतो. हिंदूंच्या ५ बाद ५८१ धावांपुढें शेष संघ १३३ त आटोपला. दुसऱ्या डावांतील ३८७ पैकीं ३०९ धावा एकट्या सांगलीच्या विजय हजारे यांच्या. बंधु विवेक यांनीं केवळ २१ करून त्यांना चिवट साथ दिली. तरी डाव व ६१ धावांनीं पराभव झाला. १९४६ त हे सामने बंद पडले. बखरी बहुधा जेत्यांच्या असतात. येथें धावपत्रिका पराजितांची साक्ष देते. कोणाच्या दप्तरांत ती असल्यास जपावी, ही संग्राहकांस विनंती.