डेम्लो संख्या : जी. आय. पी. रेल्वेवरचे गणित

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या डावीकडून वाचली काय आणि उजवीकडून वाचली काय, सारखीच. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थाननामांप्रमाणे तिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी पडतो, परार्धाच्या एकच घर अलीकडे. नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा हा वर्ग. गणितात तिला ‘डेम्लो संख्या’ म्हणतात, आणि हे नाव एका रेल्वे स्थानकावरून आले आहे.

पनवेलहून दिव्याला जाणारा लोहमार्ग जिथे कल्याणच्या जुन्या मार्गाला मिळतो, तिथून डोंबिवली हाकेच्या अंतरावर. ठाण्यापुढे कल्याणपर्यंत जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची आगगाडी १८५४ साली पोचली होती. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरच्या डोंबिवली स्थानकाला गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर ‘डेम्लो’ म्हणत. अशा संख्यांचा विचार त्यांना तिथेच सुचला, म्हणून त्यांनी स्थानकाचेच नाव संख्यांना दिले.

कापरेकरांचा जन्म १९०५चा, डहाणूचा. शाळा ठाण्यात, पदवी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे ते देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नव्हते, त्यामुळे प्रतिष्ठित गणितज्ञ त्यांच्या कामाकडे करमणूक म्हणून पाहत. तरी डेम्लो संख्यांवरचे त्यांचे टिपण १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये छापून आले.

व्याख्या सोपी आहे. संख्येचे तीन भाग पाडायचे. डाव्या आणि उजव्या भागाची बेरीज केली की मधला अंकच पुन्हा पुन्हा यायला हवा. २५५३मध्ये २ आणि ३ मिळून ५, आणि मध्ये ५५. वरच्या मोठ्या संख्येत १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९ होते, मध्ये ९ आहेच. १२१, १२३२१, १२३४३२१ या तिच्या धाकट्या बहिणी. दहा एकांचा वर्ग केला की मात्र हातचा आडवा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असे मोडके रूप मिळते. दशमान पद्धतीत हा डौल नऊ एकांपर्यंतच टिकतो.

सुरुवातीच्या सतरा अंकी संख्येत कापरेकरांचे आणखी दोन शोध दडलेले आहेत. तिच्या अंकांची बेरीज ८१. ८१ने तिला निःशेष भाग जातो आणि भागाकार १२३४५६७९चा वर्ग येतो. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले. आता भागण्याऐवजी ८१ने गुणले, तर ९९९९९९९९८००००००००१ मिळते. हा ९९९९९९९९९चा वर्ग. त्याचे नऊ-नऊ अंकांचे दोन तुकडे करून मिळवले की पुन्हा ९९९९९९९९९. हा गुण असलेल्या संख्येला आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात.

जगाला त्यांची ओळख उशिरा झाली. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील सदरात कापरेकरांवर लिहिले. १९८६मध्ये कापरेकर वारले. देवळालीचे नावही त्यांनी संख्यांच्या एका प्रकाराला दिले होते.