धोत्र्याच्या धुरामागचे कॅल्शियम

दम्यावर धोत्रा ओढण्याची रीत सहसा अडाणी उपायांत जमा होते. हा हिशेब चुकीचा आहे. १८०२ मध्ये जनरल जेंट नावाच्या अधिकाऱ्याने ही रीत मद्रासहून इंग्लंडात नेली. धोत्र्याच्या मुळ्या आणि बुंध्याकडचा भाग वाळवायचा, कुटून मोकळा करायचा आणि चिलमीत भरून ओढायचा. भारतातली जात हाताशी नसलेल्या तिकडच्या वैद्यांनी आपल्या उकिरड्यावर उगवणारा तिचा भाऊबंद वापरला, पुढे तर दम्याच्या सिगारेटीच विकायला आल्या. कादंबरीकार मार्सेल प्रूस्त त्यांचा गिऱ्हाईक होता. छाती मोकळी व्हायची, घसाही कोरडा पडायचा, आणि मात्रा चुकली तर माणूस भ्रमिष्टासारखा बरळायचा. छाती का मोकळी होते, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

त्याचा धागा सापडला तो बेडकाच्या हृदयात. लंडनमध्ये सिडनी रिंगर मिठाच्या पाण्यात बेडकाचे हृदय धडधडत ठेवायचा. ते द्रावण नळाच्या पाण्यात कालवलेले होते, हे त्याच्या उशिरा लक्षात आले. ऊर्ध्वपातित पाणी घेताच ठोके क्षीण होत गेले. नळाच्या पाण्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, हे काम करत होता. १८८३ मध्ये त्याने आपलीच आधीची मांडणी दुरुस्त केली. अशी कबुली विज्ञानातही रोज मिळत नाही! कॅल्शियमवाचून स्नायू आकसत नाही, हे पक्के होत गेल्यावर पुढचा विचार सरळ वाटला. दम्यात श्वासनळीभोवतीचा स्नायू आवळतो, तेव्हा पेशीत शिरणारे कॅल्शियम अडवा. हृदयविकार आणि रक्तदाब यांसाठी तशी औषधे आलीच होती. दम्यावर त्यांनी निराशा केली. व्यायामाने येणाऱ्या धापेत निफेडिपिनचा थोडा उपयोग दिसला, पण आवळलेली नळी सैल करण्यात ते कमीच पडले.

मग कॅल्शियमचा सिद्धांतच खोटा म्हणायचा का? तसे नाही, दार चुकले होते. १८८३ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, स्वादुपिंडाच्या पेशींवर काम करताना दिसले की आयपी-३ नावाचा रेणू पेशीच्या आतल्या कोठारातून कॅल्शियम सोडतो. श्वासनळीच्या स्नायूतही मुख्य व्यवहार याच कोठाराशी चालतो. मज्जातंतूतून अ‍ॅसिटिलकोलिन येते, ग्राहीवर बसते, आयपी-३ तयार होते, कोठार उघडते. धोत्र्यातले अ‍ॅट्रोपिन त्या ग्राहीवरच ठाण मांडते, त्यामुळे कोठारापर्यंत निरोप पोचत नाही. यावर कोणी म्हणेल की ही नंतरची माहिती जुन्या रीतीला चिकटवणे झाले. ओढणाऱ्याला कॅल्शियमचा पत्ता नव्हता, हे खरेच. पण रीतीला श्रेय द्यायचे ते स्पष्टीकरणाचे नव्हे, निरीक्षणाचे, आणि ते निरीक्षण टिकले. दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. दमा म्हणजे नुसता आवळलेला स्नायू नव्हे. नळीच्या अस्तराला सूज असते आणि तिच्यावर धोत्रा काही करत नाही. तिथे स्टेरॉइडच लागते. शिवाय धूर स्वतःच नळीला चिडवतो. म्हणून चिलीम गेली हे बरेच झाले. तातडीच्या विभागात नेब्युलायझरच्या मास्कमधून दिले जाणारे इप्राट्रोपियम मात्र अ‍ॅट्रोपिनच्याच रेणूत फेरफार करून बनवलेले आहे, फरक इतकाच की ते मेंदूपर्यंत सहसा पोचत नाही, म्हणून रोगी बरळत नाही.